सातव्या खोलीची खिडकी

हेवा करायचा तर लोक दुसऱ्याच्या नोकरीचा करतात, घराचा करतात, फार तर त्याच्या बायकोच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीचा करतात. मी तीन वर्षं एका माणसाच्या खिडक्यांचा हेवा केला.

त्याचं नाव वसंतराव देशकर. नागपूरच्या आमच्या हायस्कुलात तो इतिहास शिकवायचा आणि मी गणित. त्याची खोली नंबर सहा, माझी सात. मध्ये हात-दीड हात जाडीची दगडी भिंत. भिंतीच्या त्याच्या बाजूला जुम्मा तलावाकडे उघडणाऱ्या तीन भल्यामोठ्या खिडक्या. माझ्या बाजूला एकही नाही. एक दार, छताजवळ एक झरोका, आणि त्या झरोक्यात पारव्यांचं बिऱ्हाड. म्हणजे जी काही हवा यायची ती आधी पारव्यांना लागून यायची.

इमारत तशी देखणी. काळा दगड, उंच कमानी, टांगा आडवा जाईल असा रुंद वऱ्हांडा. मी हे सेहेचाळीस साली लिहितो आहे, आणि अजून तिथे रोज शाळा भरते, दगडाचा टवकाही उडालेला नाही. बांधणाऱ्याने ऊन, वारा, पाऊस, सगळ्याचा विचार केला होता. फक्त सात नंबरात कधी काळी माणसं बसतील, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. का शिवलं नव्हतं, ते पुढे मला सरकारी पत्रानेच कळलं.

गोष्ट तेहतीस सालच्या मार्चमधली. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "महादेवराव, वसंतरावांच्या वर्गात मुलं टक्क जागी असतात. तुमच्या वर्गावरून गेलो तर चौघे पेंगत होते. पाचवा चक्क घोरत होता."

आता हे मला सांगायचं? एकोणीस वर्षं युक्लिड शिकवलेल्या माणसाला? आणि तेही कालच जबलपूरहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या पोराशी तुलना करून? त्यात शाळेचे असिस्टंट हेडमास्तर पुढच्या वर्षी रिटायर व्हायचे होते. त्यांच्या जागेसाठी दोनच नावं होती. एक नोकरीच्या वर्षांवर माझं, दुसरं मुलांच्या तोंडी वसंतरावाचं. निकाल इन्स्पेक्टरसाहेबांच्या तपासणीवर लागणार होता.

मी म्हणालो, "सर, हा शिकवण्याचा फरक नाही, हवेचा आहे. तीन खिडक्या दिल्या तर कोणाचीही मुलं जागी राहतील."

"मग मागा ना खिडकी," हेडमास्तर म्हणाले आणि कागदात डोकं घातलं.

बाहेर आमचा चपराशी कवडू स्टुलावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, कारण ऐकणं हेच त्याचं मुख्य काम होतं. तो म्हणाला, "काहून मनाले लावून घेता गुर्जी? पोट्टे झोपून नाही राहिले, शिजून राहिले." ह्या एका वाक्याने मला जितका धीर आला तितका घरच्यांनी कधी दिला नाही.

घरी बायकोला, सत्यवतीला सांगितलं, तर ती चुलीपासून न वळता म्हणाली, "शाळेत काय करायचं ते करा बाई. पण कोणाच्या रागापायी खिडकी मागून नका राहू."

"राग नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो. मला हेवा वाटला की मी नेहमी तत्त्वाचं नाव घेतो.

अर्ज लिहिण्यासाठी मी शेजारच्या देवरावजींकडे गेलो. ते सचिवालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अख्ख्या गल्लीचे अर्ज तेच लिहीत आणि त्यातला एकही मंजूर झाल्याचं मला आठवत नाही. तरी त्यांच्या भाषेचा दरारा मोठा होता. मी म्हणालो, "लिहा, पूर्वेकडच्या भिंतीला खिडकी पाडावी. भिंतीपलीकडे मोकळं आवार आहे, कडुनिंब आहे."

देवरावजींनी टाक खाली ठेवला. "पूर्व-पश्चिम लिहू नका गा महादेवराव. दिशा लिहिली का ते नकाशा मागते. नकाशा देला का त्याच्यावर कोणाची सही आहे ते मागते. सीधं लिहा, उजव्या हाताची भिंत. उजवा हात सगळ्यायले असते."

मी माझ्या वर्गातल्या खुर्चीवर बसल्याची कल्पना केली. उजव्या हाताला बरोबर कडुनिंबाचीच भिंत. डाव्या हाताला वसंतरावाची. मला ते एकदम पटलं. भूमिती शिकवणाऱ्या माणसाला ते पटलं, ह्याची मला अजून लाज वाटते.

महिन्याभराने बांधकाम खात्याचं उत्तर आलं. इमारतीच्या मूळ नकाशात सात नंबर ही 'सामानाची खोली' असून सामानास हवा व उजेड यांची गरज अचानक का भासली, याचा खुलासा करावा, असं त्यात होतं.

एकोणीस वर्षं मी सामानाला गणित शिकवत होतो! मी तावातावाने उलट लिहिलं की खोलीत सामान नसून बेचाळीस विद्यार्थी आहेत. त्यावर दुसरं पत्र आलं. बेचाळीस विद्यार्थी सामानाच्या खोलीत कोणाच्या परवानगीने ठेवले? हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, "महादेवराव, तुम्ही खिडकी मागायला गेलात आणि आता दारही जायची पाळी आली."

ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचायला वेळ लागला नाही. भूगोलाचे मास्तर माझ्या पाठीमागे 'सामान आलं' म्हणू लागले. हसला नाही तो एकटा वसंतराव. मधल्या सुटीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, ह्याचा निकाल लागेतो तुम्ही सहा नंबरात वर्ग घ्या. मी माझ्या पोरांना घेऊन निंबाखाली बसतो. आम्हाला काय, गोष्टीच सांगायच्या."

ज्याचा हेवा करावा त्याने निदान थोडं तरी वाईट वागावं, एवढी सोय देवाने ठेवायला हवी होती. मी म्हणालो, "आभारी आहे. माझ्या मुलांना उकाड्याची सवय आहे."

एप्रिलमध्ये कळलं की सरकार रिवाजाप्रमाणे उन्हाळ्यासाठी पचमढीला गेलं आणि आमची फाइलही त्याच्याबरोबर गेली. इकडे सकाळची शाळा, आठ वाजताच भिंतींना हात लावता येत नाही, खडू बोटांना चिकटतो, आणि तिकडे माझा अर्ज सालवृक्षांच्या सावलीत, थंड हवेत, कोणाच्या तरी टेबलावर पहुडलेला! त्या उन्हाळ्यात मला वसंतरावाइतकाच त्या कागदाचाही हेवा वाटला.

सुटी लागली तशी आम्ही रामटेकला सत्यवतीच्या माहेरी गेलो. जूनअखेर परतलो तर शाळेच्या फाटकातच कवडूने मला गाठलं. "गुर्जी, झाली न खिडकी! पचमढीहून हुकूम आला अन् आठ रोजात काम आटपलं. काय झकास झाली म्हणता!"

मी वहाणा वाजवत वऱ्हांड्यातून गेलो. वाटेत सहा नंबरच्या दाराकडे मुद्दाम पाहिलंही नाही. सात नंबरात पाऊल टाकलं आणि काय सांगू, खोलीत उजेड होता! दगडी कमान, सागवानी चौकट, जाड गज, वाऱ्याची झुळूक. अशी खिडकी गव्हर्नराच्या बंगल्यालाही नसेल. फक्त ती माझ्या खुर्चीच्या डावीकडे होती. आणि गजांपलीकडून वसंतराव हात जोडून म्हणत होता, "या, या गुरुजी! रामटेक कसं काय?"

मी खुर्चीवर बसलो आणि आधी उजवा हात पाहिला, मग डावा.

बांधकाम खात्याचा ओव्हरसियर ओमप्रकाश दुसऱ्या दिवशी माझी सही घ्यायला आला. मी त्याला धरूनच वर्गात नेलं. तो दारातून आत आला, माझ्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला आणि उजवा हात लांब केला. "देखो मास्टरजी. हा उजवा हात. ही भिंत."

"अहो, पण मी खुर्चीवर बसलो की उजवा हात तो!"

"पण तुम्ही कुठे बसले होते? तुम्ही तो रामटेक में थे."

"आणि भिंतीपलीकडे दुसरा वर्ग आहे, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. पर अर्जी में मना कहाँ किया था?" तो शांतपणे म्हणाला. "आता बंद करायची तर नवा अर्ज करा. पहिला अर्ज चुकीचा का केला, त्याचा खुलासा सोबत जोडा. और एक बात बताऊं? एवढी पक्की खिडकी मी माझ्या जिंदगीत नाही बांधली."

मी सही केली. दुसरं काय करणार? पण संकटाचा खरा आकार शाळा सुरू झाल्यावर कळला. खिडकीची झडप आणि कडी वसंतरावाच्या बाजूला बसवली होती. ती लावायची की उघडी ठेवायची हे तो ठरवणार. आणि मला वारा मिळावा म्हणून तो ती सताड उघडी ठेवायचा! वर मधल्या सुटीत सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजींच्या खटपटीने माझ्याही खोलीत हवा खेळू लागली हो. पूर्वी वारा आत यायचा पण बाहेर जायला वाट नव्हती." म्हणजे माझ्या चार महिन्यांच्या अपमानातून त्याला चौथी खिडकी मिळाली.

वाऱ्याबरोबर त्याचा आवाजही आला. मी फळ्यावर त्रिकोण काढावा आणि पलीकडून 'तेवढ्यात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या' असं यावं. बेचाळीस माना खिडकीकडे वळत. मी कोष्टकांचा मोठा कापडी तक्ता त्या खिडकीवर टांगला. तलावावरून वारा सुटला, तक्ता जहाजाच्या शिडासारखा फुगला, खिळ्यातून निसटला आणि थेट माझ्या डोक्यावर येऊन बसला. मी तक्त्याखाली असताना दोन्ही वर्ग एकदम हसले. बाहेर आलो तेव्हा वसंतराव तेवढा गंभीर चेहऱ्याने फळा पुसत होता.

ह्यानंतरचं सांगायला जरा जड जातं. त्या महिन्यात वसंतराव नागपूरकर भोसल्यांची बंगालची स्वारी शिकवत होता. तिसऱ्या तासाला. मी मुलांना उदाहरणं घालून दिली होती आणि फळ्यापाशी उभा होतो. पलीकडे बंगालच्या नवाबाने, अलिवर्दीखानाने, भोसल्यांच्या भास्करपंतांना तहाच्या बोलण्यासाठी तंबूत बोलावलं. एक सरदार म्हणाला, पंत, जाऊ नका. पंत हसले. तंबूची कनात बाजूला झाली, पंतांनी एक पाऊल आत टाकलं... आणि घंटा झाली.

भास्करपंत त्या तंबूत मारले गेले, हे मला चौथीपासून ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी घरी जाताना मी मनात म्हणत होतो, उद्या पंत आत जाणार नाहीत. काहीतरी निघेल. हातातला खडू मी तसाच घरी नेला होता, हे सत्यवतीने दाखवल्यावर कळलं.

त्यानंतर मी वेळापत्रकाचा बंदोबस्त केला. तिसऱ्या तासाला वर्गात फक्त सोडवायची उदाहरणं. बोलायचं नाही, हलायचं नाही, मान वर करायची नाही. मुलांना मी कडक वाटलो असेन. खरं तर मला एक शब्दही चुकवायचा नव्हता. आणि जितकं ऐकत होतो तितका जळत होतो. हा फरक हवेचा नव्हताच, शिकवण्याचाच होता. माझी मुलं पेंगत होती ती उकाड्याने नव्हे, हे आता मी दीड हात भिंत पाडून, पचमढीपर्यंत पत्रव्यवहार करून, सरकारी खर्चाने सिद्ध केलं होतं.

डिसेंबरात इन्स्पेक्टर आले. उंच, बारीक, खिशात तीन पेन्सिली. नेमके तिसऱ्या तासाला ते सात नंबरात शिरले आणि मागच्या बाकावर वही उघडून बसले. मी फळ्यावर एक प्रमेय लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या असतील, तोच पलीकडे वसंतराव सीताबर्डीच्या लढाईवर आला. टेकडीवर इंग्रजांची एक तोफ निकामी होते, खालून भोसल्यांची अरब पलटण चढू लागते... त्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा चढा होता. शब्द न् शब्द आमच्या खोलीत घुमत होता.

माझा खडू थांबला. मुलांच्या लेखण्या थांबल्या. कोणी खाकरलं नाही. झरोक्यातले पारवेदेखील गप्प. किती वेळ गेला कोणास ठाऊक. घंटा झाली तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. इन्स्पेक्टरसाहेब हनुवटीला पेन्सिल लावून खिडकीकडे बघत होते. मग तेही दचकले, भराभर काहीतरी लिहिलं आणि उठले. मी समजलो की माझी असिस्टंट हेडमास्तरकी त्या टेकडीवरच धारातीर्थी पडली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. हेडमास्तरांनी मोठ्याने वाचला. "खोली नंबर सात. वर्गात आदर्श शांतता. विद्यार्थ्यांची एकाग्रता मी अन्यत्र पाहिली नाही. शिक्षकाची शिस्त अनुकरणीय." मग पान उलटून, "खोली नंबर सहा. शिक्षकाचा आवाज वाजवीपेक्षा मोठा. शेजारच्या वर्गास व्यत्यय येण्याचा संभव."

जागा मला मिळाली. वसंतराव सगळ्यांच्या आधी पुढे आला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "गुरुजी, फार चांगलं झालं." खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, "वसंतराव, आवाज जरा जपा."

मला वेगळी खोली मिळाली, विजेचा पंखा मिळाला, दोन खिडक्या मिळाल्या. सात नंबर ताराचंद नावाच्या नव्या मास्तरला दिला. पहिल्याच सोमवारी, तिसऱ्या तासाची घंटा झाली आणि माझ्या लक्षात आलं की आता पलीकडे गोष्ट सुरू झाली असेल आणि हा कालचा ताराचंद फुकटात ऐकत असेल. मला पंख्याखाली बसवेना.

सुदैवाने इन्स्पेक्टरांचा शेरा होता. सहा नंबरच्या आवाजाचा सात नंबरला त्रास होतो किंवा कसे, याची तपासणी करणं हे माझं कर्तव्यच होतं. मी रोज तिसऱ्या तासाला सात नंबरच्या मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. महिनाअखेर हेडमास्तरांना लिहून द्यायचो, 'आवाज सह्य आहे. तपासणी चालू ठेवणे इष्ट.' बिचारा ताराचंद मला पाहून घामाघूम व्हायचा. कवडूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तो नवा मास्तर रडकुंडीले आला गा. म्हणते, म्या असं काय केलं का हे रोज मानगुटीवर येऊन बसून राहिले?"

एक दिवस ऑफिसात एक पालक अडून बसले आणि मला दहा मिनिटं उशीर झाला. मी धोतराचा सोगा धरून वऱ्हांड्यातून धावलो, सहा नंबरच्या दारापाशी रुबाबात चाललो, पुन्हा धावलो आणि धापा टाकत मागच्या बाकावर टेकलो. पलीकडे चिडीचूप. गजांतून एक मुलगा डोकावला आणि वळून म्हणाला, "सर, आले."

"हं," वसंतरावाचा आवाज आला. "तर काल आपण कुठे होतो?"

शाळा सुटल्यावर मी त्याला निंबाखाली गाठलं. "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"काय ते?"

"मी ऐकतो ते."

तो लाजला. खरोखर लाजला. "पहिल्यापासून गुरुजी. तुमचा खडू थांबला की इकडे कळते ना."

"मग इन्स्पेक्टर आले त्या दिवशी?"

"त्या दिवशीही थांबला," तो चपलेने पाला सारत म्हणाला. "म्हटलं, आता साहेबांच्या समोर पोरांनी चुळबुळ केली तर तुमची पंचाईत होईल. म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं. पोरं गुंगून राहिली का झालं."

मी हेडमास्तरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चुकला असं लिहून द्यायची तुमची छाती असेल तर माझी नाही," आणि मला परत पाठवलं. मग मी घरी येऊन सत्यवतीपाशी सगळं ओकलो. खिडकी, खडू, रिपोर्ट, 'आवाज जरा जपा' म्हणालो तेही. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "एवढ्या दिवसांत त्यांना एकदा जेवायले नाही बोलावलं तुम्ही?"

रविवारी वसंतराव आला. पाटावर बसला, दोनदा वरण मागून घेतलं आणि सत्यवतीने सहज विचारलं म्हणून रामटेकच्या गडाची एक जुनी हकीकत सांगू लागला. ती तव्यापाशी होती. उलथनं हातात, तोंड आमच्याकडे, डोळे मोठे. मी दोनदा खाकरलो. तिने बघितलं नाही. धूर झाला, वास सुटला, तरी तिला पत्ता नाही. पोळी काळीठिक्कर होऊन तव्याला चिकटली.

आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. रोज दोन वेळा मी त्या चुलीसमोर बसून तिच्याशी बोलत आलो. माझ्या बोलण्याने तिची एकही पोळी कधी करपली नव्हती.